टायननांच्या घरचा कप्तान

घरमिस्सेच्या सकाळी सासरच्या घरी आल्यावर डिम्प्नाने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर दिवाणखान्यातल्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या मोजल्या. सहा होत्या. एक फादर लेसींची, एक हेडमास्तरांची, एक मॉसीमामाची आणि दोन वाडीतल्या दोन जुन्या म्हाताऱ्यांच्या. उरली एक, फादरांच्या उजव्या हाताची. मागच्या खेपेला तिच्यावर डिम्प्नाचे सासरे बॅट टायनन बसले होते. ते जाऊन दोन वर्षं झाली, पण त्या खुर्चीवर आता कोण बसणार हे घरात कोणी बोललं नव्हतं.

आमच्या वाडीत चौदा घरं. फादर वर्षातून दोनदा एकेका घरी येऊन स्वयंपाकघराच्या टेबलावर चर्चमधली उपासना, मिस्सा, म्हणतात, म्हणजे एका घराची पाळी सात वर्षांनी येते. सात वर्षांत न केलेली कामं मग सहा आठवड्यांत उरकायची. टायननांनीही दारं रंगवली, धुराडं झाडलं, गोठ्याकडच्या भिंतीला चुना फासला. मिस्सेनंतर फादर आणि निवडक मंडळी दिवाणखान्यात बसून उंची कपबश्यांतून न्याहारी करतात. बाकीचे स्वयंपाकघरात उभ्याने चहा पितात. आता निवडक कोण, यावरून आमच्या कॅरिगडून गावात ठरलेली लग्नं मोडली आहेत.

"आई, इथे कोण बसणार?" डिम्प्नाने सहज विचारल्यासारखं विचारलं.

सासूबाई, म्हणजे नोनी, मेणबत्त्या पुसत होत्या. "तिथे होय? फिंटन बसेल की. फादरांना त्याच्याशीच बोलायचं असणार."

"आणि मॅलकी?" तिने थोरल्या दिराचं विचारलं.

"तो कसा बसेल? अंडी कोण उकडणार?"

डिम्प्नाचा जीव जरासा भांड्यात पडला. पण पुरता नाही, कारण नोनीच्या गळ्यात ते पदक होतं. सोन्याचा बारकासा क्रूस, साखळीत ओवलेला. हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळात ऑल-आयर्लंड जिंकल्याचं पहिलं पदक मुलाने आईला द्यायचं, लग्न झालेलं असेल तर पुढचं बायकोला, ही आमची रीत. हे मॅलकीचं पहिलं पदक. दुसरंही त्याच्याकडेच होतं, खणात पडलेलं, कारण बिनलग्नाचा माणूस ते घालणार कोणाच्या गळ्यात? आणि डिम्प्नाचा नवरा फिंटन, काउंटीतला, म्हणजे अख्ख्या जिल्ह्यातला, सगळ्यात देखणा खेळाडू, ज्याच्या नुसत्या हर्लीची काठी धरण्यावर लोक फिदा, त्याच्याकडे एकही नाही. हर्लिंगच्या वार्षिक जेवणाला बाकीच्या बायका उघड्या गळ्याचे झगे घालून येत आणि मानेला उगाच हात लावत. डिम्प्ना बंद गळ्याचा घाली.

"साध्या काठीवाल्याने मासा धरला आणि गळवाला उपाशी," ती नवऱ्याला म्हणायची. फिंटन हसून सोडून द्यायचा.

आता मात्र हसून सोडायची वेळ नव्हती. गेल्या रविवारी कॅरिगडूनने एकेचाळीस वर्षांनी काउंटीचं अजिंक्यपद मारलं होतं. जो क्लब काउंटी जिंकतो त्याने पुढच्या वर्षीच्या काउंटी संघाचा कप्तान सांगायचा, असा आमच्याकडे नियम. संघ निवडणारे दुसरे, कप्तान सांगणारे आम्ही. आणि काउंटी संघात कॅरिगडूनचे खेळाडू दोनच, दोघंही याच घरातले. क्लबाच्या समितीत मतं पडली चार विरुद्ध चार. नववं मत चिटणिसाचं, आणि चिटणीस मॉसीमामा, नोनीचा धाकटा भाऊ.

"सख्ख्या बहिणीच्या दोन लेकांतून मी एक निवडू?" मामा तिथे म्हणाला होता. "मग रविवारचं जेवण मला कोण घालेल? त्यांचं घरात ठरू द्या. जे नाव येईल ते मी लिहितो." समितीने सुटकेचा श्वास सोडला आणि ठराव केला. नावाची जागा कोरी सोडलेलं पत्र मामाच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. ते संध्याकाळी काउंटीच्या बैठकीत द्यायचं होतं.

चार दिवस झाले, घरात कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. गप्प बसण्यात टायननांचा हात कोणी धरणार नाही.

डिम्प्ना मात्र माहेरची कीओ, दुकानदाराची मुलगी. जे मागायचं ते मागून घ्यावं, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. फादर लेसी आले, ओला कोट काढून तिच्या हातात दिला, आणि पापकबुली ऐकण्यासाठी दिवाणखान्यात शिरताना त्यांनी विचारलं, "काय गं, घर खूश ना? कप्तान मिळाला घराला."

"हो ना फादर," डिम्प्ना म्हणाली. "फिंटनसाठी मिस्सेत दोन शब्द बोललात तर आईंना फार बरं वाटेल."

एवढंच. खोटं असं ती एक अक्षर बोलली नाही. पण कोट खुंटीला अडकवताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

*

स्वयंपाकघरात माणूस माणसाला चिकटून गुडघे टेकून होता. नोनी चुलीशेजारी होती. मिस्सेत लक्ष लागावं म्हणून ती दरवेळी डोळे मिटी, आणि मिटले की दरवेळी तिला फिंटनच दिसे. सहा वर्षांचा फिंटन, अंगणात, हर्लीच्या टोकावर चेंडू तोलत धावतोय, कोंबड्या चुकवतोय आणि चेंडू काही पडत नाही. बॅट दारात उभा राहून म्हणाला होता, "नोनी, हे पोर आपलं नाही. वरून चुकून आपल्या पत्त्यावर आलंय." त्या दिवसापासून नोनीने दुसरं काही पाहिलंच नाही. पाहावंसं वाटलं नाही म्हणा.

मॅलकी तेव्हा नऊचा. त्याला खेळ येत नव्हता, आणि ही गोष्ट कोणी त्याच्यापासून लपवली नाही. चौदाच्या आतल्या संघातून त्याला काढलं तेव्हा बॅटने त्याची समजूत घातली, "गायींनाही माणूस लागतो रे." पोरगं बादली उचलून गोठ्याकडे गेलं. दूध काढून झालं की गोठ्याकडच्या भिंतीवर चेंडू मारत बसायचं. शंभर उजवीकडून, शंभर डावीकडून, मग आत येऊन जेवायचं. वीस वर्षं नोनीने तो ठक ठक आवाज ऐकला, घड्याळाचा ऐकतात तसा, म्हणजे ऐकलाच नाही.

पुढे तोच मॅलकी काउंटीच्या संघात गेला आणि बचावाच्या कोपऱ्यात नऊ वर्षं टिकला. दोनदा ऑल-आयर्लंड जिंकला. कसा, ते गावाला आजवर उमगलेलं नाही. "नशीब लागतं," लोक म्हणत. नोनीही तेच म्हणे. आणि फिंटन? पहिल्या खेपेला तो बॉस्टनला जाऊन बसला होता. दुसऱ्या खेपेला शेजारच्या काउंटीतल्या एका जत्रेच्या स्पर्धेत दुसऱ्याच्या नावावर खेळला. तो चेंडू मारतो तसा दुसरं कोण मारतं? पाचव्या मिनिटाला ओळखला गेला, आणि सहा महिने बंदी. घर उजळणाऱ्या पोराने संघाबाहेर बसून भावाचा जल्लोष रेडिओवर ऐकला. नोनीला तेव्हा आनंद झाला होता की दुःख, हे तिने पापकबुलीतही कधी सांगितलं नाही.

"पुढची घरमिस्सा वसंतात, हनरहनांच्या घरी," फादर शेवटी म्हणाले. "आणि आशीर्वाद देण्याआधी, या घरच्या फिंटनसाठी प्रार्थना करू. आपल्या काउंटीचा नवा कप्तान. देव त्याला सांभाळो आणि चषक घरी येवो."

"आमेन," सगळा गाव म्हणाला.

नोनीचं काळीज टुणकन उडालं. ठरलं तर! आणि लगेच तिला वाटलं, ठरवलं कोणी? तिने मान वळवून थोरल्याला शोधलं. मॅलकी दाराजवळ एका गुडघ्यावर होता. त्याचे ओठ हललेले तिने पाहिले. त्यानेही आमेन म्हटलं होतं.

आता दुसऱ्या गावात हे कसं चालतं मला ठाऊक नाही. कॅरिगडूनमध्ये फादर घरी येऊन टेबलावर मिस्सा म्हणतात, त्यात ते जे बोलतात, आणि ज्यावर चाळीस माणसं आमेन म्हणतात, ते झालं. एकदा त्यांनी जिवंत म्हातारीला मृतांच्या यादीत वाचलं, तर लोक तिला आठ दिवस जरा अंतर ठेवूनच भेटले. चुकलात म्हणायची कोणाची छाती? लोक फिंटनचा हात हातात घेऊन हलवायला लागले.

*

मागच्या मोरीघरात मॅलकी अंडी उकडत होता. पातेल्यात बारा होती. फादरांना मऊ लागतं, हेडमास्तरांना दगड. घड्याळ समोर ठेवून तो उभा होता, आणि पहिल्यांदाच त्याला किती मिनिटं झाली ते कळत नव्हतं.

मॉसीमामा आत आला आणि त्याने दार लोटून घेतलं. "काय रे, तुमचं ठरलं कधी?"

"फादर बोलले ना. ठरलं."

"फादरांना कोणी सांगितलं? तू?"

"नाही."

"आईने?"

"मामा, अंडी फुटतील. बाजूला हो."

मामा बाजूला झाला नाही. गोल अंगाचा, थोडा लंगडणारा माणूस. तो तीस वर्षं गावातल्या पोरांची नावं संघाच्या यादीत लिहीत आला होता. "हे बघ, चार जणांनी तुझ्या नावावर हात वर केलाय. उगाच केला नाही. तुझं वय तेहतीस. पुढचं वर्ष शेवटचं, हे तुलाही कळतं आणि मलाही. एक सांग, म्हणजे मी गप्प बसेन. तुला हवंय का?"

मॅलकीने पाण्यातलं एक अंडं चमच्याने उगाच फिरवलं. हवंय का! हा प्रश्न त्याला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. त्याला फिंटनची मनगटं हवी होती. वयाच्या नवव्या वर्षापासून हवी होती, रात्री अंथरुणात पलीकडे झोपलेल्या भावाच्या हातांकडे बघत तो देवाकडे त्यातला निदान एक मागत असे. देवाने दिला नाही. मग त्याने जे मिळेल ते उचललं. समोरचा खेळाडू वळण्याआधी कुठला खांदा पाडतो, कुठला पाय पुढे टाकतो, चिखलात कसा, वाऱ्यात कसा, हे सगळं तो पाठ करी. कॉर्क काउंटीच्या त्या लालकेस्याचा खेळ त्याला त्याच्या आईपेक्षा जास्त ठाऊक असेल. आणि सामना संपल्यावर प्रत्येक वेळी, प्रत्येक वेळी, कोणीतरी पाठीवर थाप मारून म्हणे, "शाब्बास मॅलकी! पण तुझ्या भावाकडे काय देणगी आहे रे!" तो मान हलवी. आत कुठेतरी एक लाकूड अजून एकदा पेटे.

"हवंय," तो म्हणाला.

मामाला ऐकू गेलं नाही असं वाटून त्याने पुन्हा म्हटलं, "हवंय मला. डब्लिनला, चषक घ्यायला त्या पायऱ्यांवर, एकदा मलाच वर जायचंय. कोणाच्या तरी मागून नाही. पण आता काय त्याचं? मी उठून फादरांना खोटं पाडू? त्याच्या तोंडातला घास काढू? सगळा गाव हात मिळवतोय त्याच्याशी."

"मी पत्रात अजून काही लिहिलेलं नाही."

"मग लिही त्याचं."

"ठराव काय आहे? घराने ठरवायचं. घर म्हणजे फादर नाहीत." मामाने दार उघडलं. "घर म्हणजे तुझी आई. मी तिला विचारतो, सगळ्यांसमोर. ट्रे घेऊन ये."

*

फिंटन फादरांच्या उजव्या हाताला बसला होता आणि पाव नुसता बोटांनी कुस्करत होता.

मिस्सेत नाव ऐकलं तेव्हा त्याला वाटलं, मॅलकीने माघार घेतली असणार. म्हणजे इथेही त्यानेच दिलं! लहानपणी सायकल दिली, मोठी खोली दिली, बाप गेल्यावर गायींचं सगळं अंगावर घेऊन फिंटनला ट्रॅक्टर विकायच्या नोकरीला मोकळं सोडलं. आता कप्तानपदही, ताटातून बटाटा सरकवावा तसं. मग समोर पाव वाढत उभ्या असलेल्या बायकोकडे त्याचं लक्ष गेलं, आणि तिच्या मानेवर चढलेली लाली पाहून त्याला सगळं कळलं. मॅलकीने काही दिलं नव्हतं. हे चोरलेलं होतं.

गंमत बघा, हे कळल्यावर त्याला आधी बरंच वाटलं.

"डब्लिनला क्रोक पार्कच्या मैदानात भाषण आयरिशमधून सुरू करायचं बरं का," हेडमास्तर सांगत होते. "चार ओळी पुरे. मी लिहून देईन."

"फादर," मॉसीमामा म्हणाला, "तुम्ही चुकलात असं म्हणायची माझी छाती नाही. पण तुम्हाला कोणीतरी जरा लवकर सांगितलं. घराचं अजून ठरायचंय." आणि त्याने पत्र काढून लोण्याच्या बशीशेजारी ठेवलं.

फादर लेसींनी अंड्याची टोपी उडवण्यासाठी उचललेला चमचा तसाच धरला. "ठरलं नव्हतं? मला तर..." त्यांनी डिम्प्नाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"मी सांगितलं," डिम्प्ना म्हणाली. मान खाली घातली नाही तिने, तेवढं तिचं मानायला हवं. "का नको सांगू? काउंटीत याच्या तोडीचा कोण आहे, सांगा ना! दोन गोल आणि नऊ पॉइंट मारले याने फायनलला. ज्यांना मिळायचं त्यांना मिळालंय, दोन-दोन मिळालीत. आमच्या घरात एक तरी येऊ दे."

"आमच्या घरात," नोनी चहाची किटली घेऊन दारात उभी होती. "आणि हे कोणाचं घर गं?"

"भांडू नका," मामा म्हणाला. "नोनी, तूच सांग. दोघं तुझेच. तू म्हणशील ते मी आत्ता, इथे लिहितो."

मॅलकी तेवढ्यात उरलेल्या अंड्यांचा ट्रे घेऊन तिच्या मागे आला आणि तिथेच थांबला.  नोनीने किटली दोन्ही हातांनी धरली होती. तिला कोणाचं नाव घ्यायचंय हे फिंटनला ठाऊक होतं. त्याला ते सहा वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं.

"मॅलकीला द्या," नोनी म्हणाली.

डिम्प्नाने ओठ चावला. नोनी बोलतच राहिली, घाईघाईने, थांबली तर विचार बदलेल अशा भीतीने. "फिंटनला काय, आज नाही तर उद्या मिळेलच. त्याला देवाने भरभरून दिलंय. या बिचाऱ्याला काय दिलं? हातात काही नव्हतं पोराच्या. नुसते कष्ट केले आणि नशिबाने दोन पदकं पडली पदरात. पुढच्या वर्षी संघात घेतील न घेतील. मिळू दे बिचाऱ्याला एकदा. तेवढंच समाधान."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. हेडमास्तर म्हणाले, "आईचं काळीज." फादरही हसले, सुटल्यासारखे.

फिंटनने मॅलकीकडे पाहिलं. ट्रे तसाच हातात, चेहऱ्यावर काही नाही. पण त्याने डावा खांदा जरासा पाडला होता. एवढ्या वर्षांत दुसऱ्यांचे खांदे वाचणाऱ्या माणसाला स्वतःचा लपवता आला नव्हता.

"नको," मॅलकी म्हणाला. "फिंटनचं लिही, मामा. मला नको असलं."

झालं. मिळालं की! या क्षणी फिंटनने नुसतं गप्प बसायचं होतं. तोंडात पाव होता, तो चावत बसला असता तरी चाललं असतं. डिम्प्ना त्याच्याकडे अशी बघत होती की जणू नजरेने त्याला खुर्चीत दाबून ठेवतेय.

"बिचारा?" फिंटन म्हणाला. "बिचारा कोणाला म्हणतेस, आई?"

"अरे, मी वाईट अर्थाने नाही..."

"काउंटीच्या सरावाला आम्ही आघाडीचे सहा जण चिठ्ठ्या टाकतो. कशासाठी माहीत आहे? याच्यासमोर आज कोणी उभं राहायचं, त्यासाठी. ज्याच्या नावाची निघते त्याचं तोंड उतरतं. दोन गोल नऊ पॉइंट म्हणे! समोर कोण होता माझ्या? एक पोस्टमन, तोही आजारातून उठलेला. याच्यासमोर सबंध वर्षात मी किती मारले, विचार. तीन पॉइंट. तीन! मी मोजलेत. हा मोजत नाही, मी मोजतो."

"फिंटन, पुरे," डिम्प्ना दबक्या आवाजात म्हणाली.

"पुरे काय? तू आज मागायला निघालीस म्हणून मीही बोलतो. चेंडू यायच्या आधी हा तिथे असतो. मी वेगवान आहे, मी याला कधीही मागे टाकीन, आणि दरवेळी मी पोचतो तेव्हा हा तिथे उभा! का उभा असतो, कसा असतो, दहा वर्षं झाली, मला कळलेलं नाही. नशीब म्हणे." तो उठून उभा राहिला होता, आणि आवाज इतका चढला होता की पलीकडे स्वयंपाकघरातल्या कपबश्या थांबल्या. "बॉस्टनला मी का गेलो, माहीत आहे? मौज करायला? काउंटीचं बोलावणं याला आलं, माझ्या आधी. याला! मला ते बघवेना. विमानात बसलो तेव्हा म्हटलं, बसा आता रडत माझ्यावाचून. तर हे जिंकले. आणि तो दुसऱ्याच्या नावावरचा सामना? त्या आठवड्यात हा माणूस रोज पहाटे उठून भिंतीवर चेंडू मारत होता आणि मी वर पांघरुणात पडून ऐकत होतो. मला कुठेतरी जाऊन खेळायचं होतं, जिथे हा नाही. एक दुपार. बस."

त्याला धाप लागली होती. फादर लेसी अंड्याकडे बघत होते.

"मी त्याला देत नाहीये काही," फिंटन मामाकडे वळला. "मी मोठ्या मनाचा नाही. आत्ता, या घडीला, मला तो कप्तान झालेला बघवणार नाही, माझ्या पोटात दुखणार आहे, वर्षभर दुखणार आहे. पण मामा, बिचाऱ्यावर कोणी जळत नाही रे. मी याच्यावर जळत आलोय. म्हणून लिही त्याचं नाव. दया म्हणून लिहिणार असशील तर फाडून टाक तो कागद."

 मामाने खिशातून पेन काढलं. त्याने थोरल्या भाच्याकडे पाहिलं.

"मॅलकी?"

मॅलकीने ट्रे कपाटावर ठेवला. ठेवताना एक अंडं घरंगळलं, ते त्याने न बघता झेललं. "लिही," तो म्हणाला. मग धाकट्याकडे न पाहता म्हणाला, "चार आहेत. चौथा जूनमध्ये मारलास. माझा पाय घसरला होता."

"तो मी धरला नाही."

"मी धरलाय."

डिम्प्ना तडक बाहेर गेली. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. तिच्या मागे जावं लागणार होतं, आणि घरी गेल्यावर काय वाढून ठेवलंय हे फिंटनला ठाऊक होतं, पण तो जागचा हलला नाही. मामाचं पेन कागदावर कुरकुरत होतं. फादरांनी एकदाची अंड्याची टोपी उडवली. आत ते दगड झालं होतं, आणि त्यांनी ते मुकाट्याने खाल्लं.

नोनी अजून दारातच होती. किटलीचं तोंड कलून चहा थेंब थेंब चटईवर पडत होता. "पण तू..." ती धाकट्याला म्हणाली, "हे सगळं तू कधी पाहिलंस रे? मी तर एकूण एक सामन्याला होते."

"होतीस," फिंटन म्हणाला. "तू माझ्याकडे बघत होतीस, आई. मी त्याच्याकडे बघत होतो."

नोनीने वळून थोरल्याकडे पाहिलं. तो तिच्यापासून हातभरावर उभा होता. त्याचे कानशिलांवरचे केस पिकलेले होते, दोन्ही बाजूंनी, चांगले पांढरे. ते कधी पिकले, हे तिला माहीत नव्हतं.